मना घरा ने

सुचिता मढवीने पहिला पासपोर्ट काढला तो वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही कामासाठी. ऐरोलीच्या एका खाजगी हॉस्पिटलात ती आयसीयूची सिस्टर इन्चार्ज होती. नर्सेसची एक संघटना दरवर्षी परदेशात स्टडी टूर काढायची. सकाळी तिथली हॉस्पिटलं बघायची, वॉर्डातलं काम कसं चालतं ते टिपून घ्यायचं आणि दुपारनंतर किल्ले, राजवाडे, बोटीतली सफर. त्या वर्षी व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ठरलं. चौदा जणींच्या यादीत सुचिताचं नाव लागलं, आणि तिच्याच वॉर्डातल्या पायल सोनकांबळेचंही.

सुचिताचा पाय निघत नव्हता. तिची आई गोजराबाई पनवेलजवळच्या नावडे गावात सुचिताच्या भावाकडे असायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून वर्षभर ती खाटेवरच होती. निघायच्या आदल्या दिवशी सुचिता तिच्याजवळ बसली, नखं कापून दिली, केसांना तेल लावलं.

"तू जा गो," आई म्हणाली. "मी कुटं जातंय?"

पाचव्या दिवशी बुडापेस्टात त्यांना एका जुन्या हॉस्पिटलचा शेवटच्या आजारांचा वॉर्ड दाखवायला नेलं. जिथे बरं करायचं नसतं, फक्त वेदना कमी ठेवायच्या असतात, असा. उंच छत, उंच खिडक्या, नुकत्याच पुसलेल्या फरशीला साबणाचा वास. बाहेर ऑक्टोबरचं फिकट ऊन होतं. वॉर्डची नर्स काटालिन इंग्रजीत हळू आवाजात माहिती देत होती. पेशंटचे फोटो काढायचे नाहीत, पेशंटला हात लावायचा नाही, एवढं तिने दारातच सांगितलं होतं.

शेवटच्या खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती. पांढरे विरळ केस, पापण्यांवर निळ्या शिरा. "या इलोना नेनी," काटालिन म्हणाली. नेनी म्हणजे आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला मावशी म्हणतात तसं. "तीन दिवस झाले, बोलल्या नाहीत. आज किंवा उद्या."

सगळ्या जणी पुढच्या खोलीकडे वळल्या. सुचिता तेवढी मागे राहिली. वीस वर्षांची सवय. अशा पेशंटचा श्वास मोजल्याशिवाय तिला पुढे जाता यायचं नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा वाजले होते.

तेवढ्यात तिला मशेरीचा वास आला.

तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजतात तेव्हा येतो तो, घशात बसणारा. नावड्याच्या घरात रोज सकाळी यायचा. तिने आजूबाजूला पाहिलं. खिडक्या बंद होत्या.

म्हातारीने डोळे उघडले. निळे, पाण्यासारखे डोळे. ते छतावर फिरले, खिडकीवर फिरले, आणि सुचिताच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"आयलीस गो सुचे?" म्हातारी म्हणाली.

आवाज आईचा नव्हता. परक्या घशातून आलेला, घासलेला आवाज होता. पण शब्दांचा हेल आईचा होता, आणि जगात 'सुचे' म्हणणारी एकच बाई होती.

"ही कुटली जागा हाय... मना काय समजंना. मना घरा ने गो."

चादरीवरचा तो गोरा, सुरकुतलेला हात उपडा होता. त्याने बोटं उघडली आणि सुचिताच्या दिशेने थोडा सरकला.

सुचिताला भीती वाटली नाही. तेच तिला पुढे कितीतरी दिवस समजलं नाही. भूल दिल्यावर हात आपला असून आपला वाटत नाही, तशी ती आख्खी झाली होती. हात धरावा असं मनात आलं. हात लावायचा नाही, हेही मनात आलं.

"मॅडम," दारातून पायलने हाक मारली. "चला, बस थांबलीय. बोट सुटेल."

आणि सुचिता गेली. पाठमोरी झाल्यावर मागून पुन्हा एकदा "सुचे..." असं ऐकू आलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी ती नदीतल्या बोटीत बसली. दोन्ही काठांवरच्या इमारती पाहिल्या, कोणीतरी फोटो काढला तेव्हा हसली. संध्याकाळी हॉटेलवर येऊन सायलेंटवरचा फोन पाहिला, तर रूपेशचे, तिच्या भावाचे, अकरा मिस्ड कॉल.

"ताई, आय गेली," तो म्हणाला. "दुपारी सव्वादोनला."

तिकडचे सव्वादोन म्हणजे इकडचे पावणेअकरा. हा हिशोब तिने फोन कानाला असतानाच केला. विमानं बदलून घरी पोचायला दोन दिवस लागणार होते. "थांबवू नका," ती म्हणाली. रूपेशने त्याच रात्री अग्नी दिला.

नावड्याला पोचली तेव्हा आईच्या खोलीत खाट रिकामी होती, गादी बाहेर काढलेली. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. सुचिताला रडू आलं नाही. तिने सगळ्यांना चहा केला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे होते. समोरच्या झाडावर सात-आठ बसले होते. पण एकही खाली उतरला नाही. रूपेशने हात जोडून एकेक कबूल केलं. घर नीट सांभाळेन. ताईला माहेर तुटू देणार नाही. दोन तास गेले. तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा उग्र वास वाऱ्यावर जाडसर होत गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे खाली मान घालून घरी आले.

त्या दुपारी रूपेश तिच्याशेजारी ओटीवर बसला.

"ताई, एक सांगू? आय शेवटी आपल्या बोलीत नव्हती बोलत."

"म्हणजे?"

"अर्धा तास काय तरी वेगळंच. एकेक शब्द असा... आमी कोनीच नाय ऐकलेला. आमच्याकडं बघत होती, पन ओळख नव्हती. मधी मधी 'हो, जा... हो, जा' करायची. आमाला वाटलं, जा बोलते. बाहेर जा." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "म्हणून आमी सगळी बाहेर गेलो. परत आत गेलो तर... एकटीच गेली ती."

त्याने फोनवर थोडं रेकॉर्ड केलं होतं. डॉक्टरला दाखवायला म्हणून. सुचिताने ते ऐकलं. आवाज आईचाच, तोच, बारीक फाटलेला. पण त्यातले शब्द टोकदार होते, ओळीने लावल्यासारखे, आणि हेल आईचा नव्हता. 'हो, जा' म्हणून रूपेशला जे ऐकू आलं ते नीट ऐकलं तर 'हॉझॉ' असं होतं.

तिने ते रेकॉर्डिंग काटालिनला पाठवलं. टूरचा रिपोर्ट लिहिताना काही विचारायचं तर असावा म्हणून तिचा नंबर घेतला होता. बाकी काही लिहिलं नाही. फक्त, ही भाषा तुमची आहे का, एवढं विचारलं.

तेरा दिवस झाल्यावर सुचिता ड्युटीवर गेली. सलाइन, चार्ट, हँडओव्हर. हात काम करायचे. एका दुपारी कॅन्टीनमध्ये पायल समोर येऊन बसली.

"मॅडम, तुम्ही जेवत का नाही?"

"जेवते की."

पायल डब्याचं झाकण फिरवत राहिली. "एक विचारू? त्या दिवशी बुडापेस्टला, तुम्ही त्या खाटेजवळ उभ्या होत्या ना... आईचा फोन आला होता का तेव्हा? स्पीकरवर?"

"का?"

"मला आवाज आला. 'मना घरा ने' असं कायतरी. म्हणून मी जरा थांबून हाक मारली."

सुचिताने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. इतके दिवस ती स्वतःला सांगत होती की आपल्याला भास झाला. दमणूक, जेटलॅग, काळजी. आता तेवढंही उरलं नाही.

"फोन नव्हता, पायल," ती म्हणाली.

पायलने डबा बंद केला. उठताना तिने सुचिताच्या खांद्यावर हात ठेवला.

काटालिनचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती कुठल्याशा बंद खोलीतून बोलत असावी. आवाज अगदी दबका.

"ही बाई कोण आहे?"

"माझी आई."

"तुमची आई कधी हंगेरीत राहिली होती?"

"ती पनवेलच्या पुढे कधी गेली नाही."

मग काटालिन सावकाश सांगू लागली. भाषा आमचीच आहे. खेड्यातली, जुन्या माणसांची. ती म्हणते, ही माणसं कोण आहेत? एवढं गरम का होतंय? माझी खिडकी कुठे गेली? आणि पुन्हा पुन्हा, 'हॉझॉ'. म्हणजे घरी. मला घरी जायचंय.

सुचिता हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होती. ती तिथेच पायरीवर बसली.

"आणि इलोना नेनी?" तिने विचारलं. "त्या गेल्या ना... त्याच दिवशी?"

"नाही," काटालिन म्हणाली. "म्हणूनच मी फोन केला. त्या जगल्या. त्याच दिवसापासून सुधारल्या. आता उठून बसतात. पण आमची भाषा एक शब्दही बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, मेंदूवर परिणाम झालाय, त्या जे बोलतात त्याला अर्थ नाही. मुलगा आला होता. त्याला त्यांनी ओळखलं नाही. तो रडत गेला, परत आला नाही. त्या ब्रेडला हात लावत नाहीत. रोज एकच काहीतरी मागतात. पे... पेज. असा काही शब्द आहे का तुमच्यात?"

सुचिताने तिला सांगितलं. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, चिमूटभर मीठ, मऊ होईपर्यंत शिजवायचं. सांगताना तिचा आवाज औषधाचा डोस सांगावा तसा सपाट होता. दुसऱ्या दिवशी काटालिनचा मेसेज आला. दोन वाट्या प्यायल्या. वाटी बोटाने पुसून प्यायल्या.

रूपेशला तिने सांगितलं नाही. काय सांगणार? की ज्या देहाला तू अग्नी दिलास तो रिकामा नव्हता, पण आत आपली आय नव्हती? की आत जी कोणी होती, ती घरी सोडा म्हणत होती, आणि आपल्याला ते 'जा' वाटलं? की आपली आय दूरच्या गावी, परक्या अंगात, भाषा न कळणाऱ्या माणसांत बसलीय, आणि मी तिला तिथे सोडून बोटीत बसले?

काटालिन म्हणाली, व्हिडिओवर बोलून बघा. रविवारी, तुमच्याकडच्या दुपारी, माझी पाळी असते.

सुचिता नावड्याला गेली. रूपेश बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीला गेला होता. तिला आईच्या खोलीतूनच बोलायचं होतं. आयला आपली खोली दिसेल, तेवढंच. खाटेसमोर दिवाण होता, खाटेकडे पाठ करून ती त्याच्या कडेला बसली. मागे रिकामी खाट, तिच्यावर नुसत्या लोखंडी पट्ट्या. बाहेर ऊन रखरखत होतं. कुठेतरी कुणी पापड सुकवत होतं. फोन समोरच्या स्टुलावर डब्याला टेकवून ठेवला.

काटालिनचा चेहरा दिसला, मग खिडकी, मग ती म्हातारी. उशीला टेकून बसलेली. टॉवेल डोक्यावरून घेतला होता, पदरासारखा, एक टोक दाताखाली.

"आय," सुचिता म्हणाली.

निळे डोळे जवळ आले. "सुचे. तू तवा गेलीस ती गेलीसच."

"चुकलं आय."

"रूपेश जेवला?"

"जेवला."

"कवा नेतेस मना?"

सुचिताला कितीतरी गोष्टी ठाऊक होत्या. परत यायला तिचा स्वतःचा देह आता राहिला नाही, हे ठाऊक होतं. जे अंग तिकडे आहे त्याला मुलगा आहे, नाव आहे, कागद आहेत, हेही ठाऊक होतं. "नेते," ती म्हणाली. "थोडं थांब." आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या गालावरून काहीतरी ओघळलं. तिला ते कुणा दुसऱ्याच्या गालावरचं वाटलं.

म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती. तिची नजर सुचिताच्या खांद्यावरून मागे गेली होती.

"ती बाई कोन हाय गो?"

"कुठली?"

"तुजे मागं. माजे खाटंवर बसलेली."

सुचिताने फोनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा, मागे भिंत, मागे खाटेच्या पट्ट्या. बाकी काही नव्हतं.

"कोणी नाय, आय."

"हाय. गोरी हाय. बोलते काय तरी... तुला आयकू येत नाय?"

खोलीत काहीच आवाज नव्हता. पंखा बंद होता. सुचिताने मान वळवली नाही. वळवायची ठरवूनही ती वळेना.

मागे खाटेच्या पट्ट्या करकरल्या. आई कूस बदलायची तेव्हा करकरायच्या तशा नाही. कोणी भार सोडून उठावं, तशा.

स्क्रीनवरची म्हातारी हळूहळू नजर हलवत होती. खाटेपासून दाराकडे, दारापासून इकडे. कुणाच्या तरी चालण्याबरोबर. मग ती नजर सुचिताच्या अगदी शेजारी येऊन थांबली, आणि त्या परक्या चेहऱ्यावर आईची ती ओळखीची माया आली, नडलेल्या शेजारणीशी बोलताना यायची ती.

"बस गो बाई," ती म्हणाली. सुचिताला नाही. "बस. माजी पोर हाय ती. तुला घालवायची नाय."

सुचिताच्या उजव्या बाजूला दिवाणाची गादी सावकाश दबली.