खारट आइस्क्रीम

"कॅली, फडकं आण. पॉट पुन्हा रडायला लागला!" बाबा हसत ओरडला.

इंडियानातल्या त्या छोट्या गावात, कोर्टासमोरच्या चौकात, कॅलीच्या बाबाचं आइस्क्रीमचं दुकान होतं. मागच्या खोलीत आइस्क्रीमचा पॉट होता; त्याच्या लाकडी पिंपात पत्र्याचा डबा मोटरीवर गरगर फिरायचा. भोवती बर्फ आणि खडे मीठ. पिंपाच्या भोकातून खारं पाणी सारखं फरशीवर सांडायचं.

"सुट्टीत पोरी नदीवर जातात, मी फरशी पुसते," कॅली कुरकुरली.

"राणीसाहेबांना पीच चालेल की व्हॅनिला?"

"दोन्ही."

तो शुक्रवार होता. शनिवारी बाबा झोपेतून उठलाच नाही.

चाळिसाव्या दिवशीची चर्चमधली प्रार्थना झाली आणि बाबाच्या भावानं, लाम्ब्रोसकाकांनी, पांढरे बूट घालून दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी कोर्टातल्या कारकूनबाई मिसेस टटल यांनी चमचा तोंडात घातला आणि कप बाजूला सारला. आइस्क्रीम खारट होतं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"मी काय करू?" काका भर दुकानात म्हणाले. "डबा फुटकाय. माझा भाऊ वर्षानुवर्षं त्यातूनच लोकांना खाऊ घालत होता. शनिवारी भंगारवाला येतोय. यापुढे कारखान्यातला माल."

कॅलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून वाट्टेल ते बोलायचं?

काका जेवायला गेल्यावर ती आपल्या दोस्तांना, वेंडेल आणि डार्लीनला, घेऊन मागच्या दारानं आत शिरली. तिघांनी डबा काठोकाठ पाण्यानं भरून टेबलावर ठेवला.

"थेंबसुद्धा गळत नाही," वेंडेल म्हणाला. "फुटकं काय असेल तर काकांचं डोकं."

"मग मीठ आत जातं कुठून?" डार्लीननं विचारलं.

कॅलीनं खाली पाहिलं. पायाखालची फरशी कोरडी ठणठणीत होती. ती गुडघ्यावर बसली आणि पिंप चाचपू लागली. भोकात बूच ठोकलेलं होतं.

"काकांचे पांढरे बूट," ती दातओठ खात म्हणाली. "ते भिजू नयेत म्हणून! पाणी बाहेर जात नाही, मग चढतं आणि झाकणावरून डब्यात उतरतं."

"जाऊन सांगूया," डार्लीन म्हणाली.

"सांगून ऐकतील? चाखायला देऊ."

शनिवारी काका यायच्या आत तिघांनी बूच उपटलं, पॉट लावला आणि फरशीभर पाणी होऊ दिलं. दुकान उघडताच कॅलीनं मिसेस टटलच्या पुढ्यात पीचचा कप ठेवला. बाईंनी भीतभीत चाखलं. मग कप पार खरवडला.

"लाम्ब्रोस, हे कारखान्यातलं?"

"आमचं आहे," कॅली म्हणाली आणि तिनं काकांसमोर बूच ठेवलं. "फुटक्या डब्यातलं."

काकांनी बुचाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. भंगारवाल्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"शाब्बास, पोरी. भावाची लेक शोभतेस."

"शाब्बासकी नको मला. जे सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर मागे घ्या."

काकांचे कान लाल झाले. "चूक माझी होती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या भावाचा डबा धड होता. त्याचं कामही."

मिसेस टटलनी तिघांची पाठ थोपटली. वेंडेल आणि डार्लीन कपांवर तुटून पडले. कॅली मात्र मागच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आत फक्त मोटरीची घरघर होती. त्या घरघरीच्या वर आवाज चढवून ती म्हणाली,

"बाबा, काकांवरचा राग गेला. मला तुझा राग आलाय. असं न सांगता जातात का?"