थोरलीचा अबोला

मालकीणबाईंच्या पणजोबांनी लोणच्याचे ते खारे पाणी पहिल्यांदा मुरवले. त्यांच्या आजीने ते बरणीसकट मांडीवर घेऊन समुद्र ओलांडला. वडिलांनी त्या पाण्याच्या जोरावर आठ टेबलांची चिनी खानावळ उभी केली. आणि चौथ्या पिढीच्या मालकीणबाईंनी ती चाळीस वर्षे अशा करारीपणाने चालवली, की वाडग्यात भाताचे शीतही टाकून उठायची गिऱ्हाइकाची छाती होत नसे. पणजोबांच्या डोंगरी मुलुखात जेवण जसे रांधीत, तसेच इथे रांधले जाई, आणि साध्या कारकुनालाही ते परवडेल अशाच दरात वाढले जाई.

त्या दुपारी मात्र त्या खानावळीत मासा नव्हता.

“मासा नाही म्हणजे?” भाऊजींचा चेहरा पडला. ते निवृत्त पोस्टमास्तर. दर आठवड्याला आपल्या विधवा वहिनींबरोबर इथे येत आणि आंबवलेल्या मोहरीच्या पाल्यातला मासा खात. वहिनी खाजगी तपासाची कामे करीत. भाऊजी त्यांची पिशवी धरीत, टिपणे काढीत आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

उत्तर द्यायला स्वतः मालकीणबाई आल्या. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. गिऱ्हाइकाच्या टेबलाशी त्या कधी बसत नसत. आज खुर्ची ओढून बसल्या.

“थोरली मेली,” त्या म्हणाल्या.

भाऊजींनी घाईघाईने हात जोडले. “अरेरे! वय काय होतं?”

“शंभराच्या वर.”

“मग सोनं झालं म्हणायचं.”

“भाऊजी,” वहिनी हळूच म्हणाल्या, “त्या बरणीविषयी बोलतायत.”

मालकीणबाईंना हसू आले नाही. “आठ दिवस मी दवाखान्यात होते. कोठीची चावी सुनेकडे दिली होती. आज सकाळी घरी आले, झाकण उचललं, तर पाण्यावर तेलाचे थेंब! तेलाचा चमचा बुडवला असणार तिनं. तेल म्हणजे या पाण्याला विष. चार-पाच दिवसांत पांढरी साय धरते, घाण सुटते, संपलं. चार पिढ्यांचं पाणी हिनं आठ दिवसांत घालवलं. सगळ्यांसमोर सांगितलंय मी, संध्याकाळी सहाच्या बसनं माहेरी जायचं आणि पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही.”

“मग आमचं काय काम?”

“माझा मुलगा पुरावा मागतोय. तुम्ही लिहून द्या, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.”

“बघितल्याशिवाय मी सहीसुद्धा करत नाही,” वहिनी उठल्या. “चला, दाखवा.”

कोठी स्वयंपाकघराच्या मागे होती. गुडघ्याएवढ्या उंचीच्या तीन बरण्या भिंतीशी उभ्या होत्या. थोरली, मधली, धाकटी. प्रत्येकीच्या गळ्याभोवती पन्हळीसारखी खोलगट कड होती. तिच्यात पाणी भरून त्या पाण्यात झाकण उपडे ठेवलेले. आतली हवा बुडबुडा होऊन बाहेर पडते, बाहेरची आत शिरत नाही, असे मालकीणबाईंनी समजावले. कडेचे पाणी रोज बदलावे लागते, हेही सांगितले.

तेवढ्यात मधलीच्या कडेतून ‘डुबुक’ असा आवाज आला. भाऊजी दचकले. थोड्या वेळाने धाकटीही बोलली. थोरली गप्प होती.

वहिनींनी तिचे झाकण उचलले. पाण्यावर तेलाचे सहा-सात गोल थेंब चमकत होते. भाऊजींनी वास घेतला; तोंड वेडेवाकडे करायची त्यांची तयारी होती, पण करावे असे काही आले नाही. वर तरंगणाऱ्या मिरच्या लालभडक होत्या. “मधलीतल्या बिचाऱ्या किती फिकुटल्यात,” ते म्हणाले, “तळाशी जाऊन बसल्यात. या मात्र नटूनथटून आल्यासारख्या दिसतात.”

वहिनींनी खिळ्यावरच्या बांबूच्या काड्या घेतल्या, थोरलीत बुडवल्या आणि थेट जिभेला लावल्या.

“अहो!” मालकीणबाई ओरडल्या. “तेल पडलेलं तोंडात घालू नका! आमच्यात कुणी घालत नाही.”

“तुम्ही चाखलं नाहीत?”

“तेल दिसल्यावर चाखायचं काय त्यात? माझ्या वडिलांनीही चाखलं नसतं.”

वहिनींनी काड्या धुऊन मधलीतही बुडवल्या आणि दोन्हींचा एकेक थेंब भाऊजींच्या तळहातावर ठेवला. भाऊजींनी आधी थोरली चाटली. “झोंबली खरी, पण थांबली नाही.” मग मधली. यावेळी त्यांनी दोनदा जीभ टाळ्याला लावून पाहिली. “ही हळूच आली, आणि अजून गेलेली नाही.”

“आता जरा थोरलीला कलती करा.”

“माझी कंबर, वहिनी!”

“कंबर नंतर बघू. बुडाशी काय लिहिलंय ते वाचा.”

भाऊजींनी बरणी कशीबशी कलवली. बुडाच्या कडेला कुंभाराचा शिक्का होता. “इथलीच लिपी आहे. कारखान्याचं नाव… आणि खाली पाच आकडी टेलिफोन नंबर. लावून बघू का? तक्रार नोंदवता येईल!”

“आजी हीच बरणी मांडीवर घेऊन आल्या होत्या ना?” वहिनींनी विचारले.

“हीच,” मालकीणबाई म्हणाल्या, पण त्यांची मान दुसरीकडे वळली होती.

सून मागच्या अंगणात बसली होती. शेजारी कपड्यांची पिशवी बांधून तयार होती. डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर.

“चावी माझ्याकडेच होती,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला विचारू नका.”

“कडेचं पाणी रोज बदललंत?”

“रोज. एकही दिवस चुकला नाही.”

“खानावळीच्या सुट्टीच्या दिवशी सुद्धा?”

“हो.” उत्तर जरा उशिरा आले.

“त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात होतात, असं सासूबाईंकडून ऐकलं.”

“पहाटेपासून. दर तासाला सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालायचे होते. रात्री उशिरा आले.” ती थांबली. मग पिशवीची गाठ उगाच पुन्हा आवळली. “काकी, माझी बस सहाची आहे. माझ्यामुळे आणखी कुणाचं नुकसान नको.”

मालकीणबाईंचा मुलगा गल्ल्यावर होता. तो वैतागलेला होता, आणि त्या वैतागाला आज ऐकणारे कान मिळाले होते.

“या बरण्यांपायी माझा संसार मोडायला निघालाय! बाजारात तयार लोणचं मिळतं, ते आणा म्हणालो, तर आई महिनाभर बोलली नाही माझ्याशी. कोठीत मला पाऊल टाकू देत नाही. त्या झाकणाभोवती पाणी कशाला ओततात, हेसुद्धा मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.”

“नुकसान तुमचंच झालं ना पण?”

“नुकसान काय, रोजचंच आहे. आता सुट्टीच्या दिवसाचंच बघा. आमचे काका, म्हणजे आचारी हो, सोया सॉसचे रिकामे कॅन भंगारात द्यायला चक्क टॅक्सी करून गेले! एरवी दोन बोटांत अडकवून चालत जातात. आणि मी एक फ्रिज मागितला, तर म्हणे उधळपट्टी.”

भाऊजींनी वहीत लिहिले : ‘मुलगा. बरण्यांचा द्वेष. फार संशयास्पद.’ आणि खाली दोन रेघा ओढल्या.

काका चुलीपुढे आल्याच्या चकत्या करीत होते. साठीचा माणूस, सुरी इतकी चपळ, की बोटे तिच्यापुढे हळू वाटावीत. वहिनी आल्या तरी ते थांबले नाहीत. फळीवर आल्याचा केवढा तरी ढीग साचला होता. एवढे आले चार दिवसांतही संपले नसते.

“किती वर्षं झाली इथे?”

“माझी पंचेचाळीस. त्याआधी बापाची. तो या खानावळीच्या पहिल्या दिवसापासून होता.”

“मुलंबाळं?”

“एकच लेक. इथून दोन गल्ल्या सोडून नूडल्सचं दुकान टाकतेय. परवा उघडेल.” हे सांगतानाही त्यांच्या चेहऱ्यावर आनंद उमटला नाही. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारले, “सूनबाई खरंच जाणार का हो?”

“सहाला,” वहिनी म्हणाल्या.

सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

चार वाजता गिऱ्हाईक संपले. दार लोटून घेऊन वहिनींनी सगळ्यांना मोठ्या गोल टेबलाभोवती बसवले. सून पिशवी मांडीवर घेऊन बसली. भाऊजी मुलावर नजर ठेवून दाराशी उभे राहिले.

“थोरली मेलेली नाही,” वहिनी म्हणाल्या. “ती घरात नाही, एवढंच.”

“मी माझ्या एका डोळ्यानं सकाळी पाहिलीय!” मालकीणबाई उसळल्या.

“बरणी पाहिलीत, पाणी नाही. मुरलेलं पाणी जिवंत असेल तर बुडबुडे सोडतं. तेल पडून मेलं असेल, तर तुम्हीच म्हणालात, साय धरते, घाण सुटते. तुमची थोरली बोलत नाही आणि तिला घाणही येत नाही. म्हणजे ते पाणी जिवंत नाही आणि मेलेलंही नाही. ते अजून जन्मायचंय. मीठ, व्हिनेगर आणि नव्या मिरच्या. भाऊजींच्या जिभेला झोंबून जे पळालं, ते व्हिनेगर. जुन्या पाण्यात मिरच्या फिकट होऊन तळाशी जातात. या अजून लालभडक तरंगतायत.”

“मग तेल?” मुलाने विचारले.

“तेल मुद्दाम सोडलं. या घराची रीत अशी, की तेल दिसलं की कुणी चाखत नाही. तुमच्या आईंनी एक थेंब जिभेवर ठेवला असता, तर चोरी त्याच क्षणी उघडी पडली असती. ही रीत ज्याच्या हाडात मुरलीय, त्यालाच हे सुचणार.”

नळ ठिबकत होता.

“आता चावी. कडेचं पाणी रोज बदललं गेलं. सुट्टीच्या दिवशी सूनबाई पहाटेपासून रात्रीपर्यंत दवाखान्यात. म्हणजे त्या दिवशी चावी त्यांनी कुणाला तरी दिली. नवऱ्याला देऊन उपयोग नव्हता, त्यांना ते पाणी कशाला असतं हेही ठाऊक नाही. दिली अशा माणसाला, ज्याच्यावर विश्वास होता, आणि ज्याची भाकरी जाऊ नये म्हणून त्या आज स्वतः घर सोडायला निघाल्या. त्याच दिवशी रिकामे कॅन टॅक्सीनं गेले. रिकामे कॅन माणूस हातात नेतो, काका. भरलेले नेता येत नाहीत.”

भाऊजींनी मुलावरची नजर हळूच काढून घेतली.

काका उभे राहिले. “घरी आहे. दोन कॅन. रोज मीठ बघतो, पाला घालतो. नीट आहे ते.”

“कृतघ्न!” मालकीणबाईंचा हात टेबलावर आदळला. “माझ्या पणजोबांचं पाणी…”

“तुमच्या पणजोबांचं नव्हे,” वहिनी म्हणाल्या. “आजी समुद्रापलीकडून जी बरणी घेऊन आल्या, तिच्या बुडाशी इथल्या कारखान्याचा टेलिफोन नंबर कसा असेल? ती बरणी केव्हाच गेली, आणि मी ते विचारताच तुम्ही मान वळवलीत. मग हे पाणी कुणाचं, ते तुम्ही सांगता की काका सांगतील?”

काका बोलले.

“खानावळ उघडायच्या आधी सामान हलवताना बरणी फुटली. पाणी सगळं रस्त्यावर गेलं. यांचे वडील पायरीवर बसून रडत होते. माझ्या बापानं आमच्या घरची बरणी आणून इथं उपडी केली. शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही. वडील म्हणाले, जम बसला की भरून परत देईन. बाप मरेपर्यंत वाट बघत होता. महिन्यापूर्वी लेकीसाठी मी मागितलं. बाई म्हणाल्या, घराण्याचं पाणी नोकराच्या घरी जात नाही.”

“मग वाटीभर गुपचूप न्यायचं!” भाऊजींना राहवले नाही. “वाटीभरानं नवं मुरतं ना?”

“मुरतं. कुणाला कळलंही नसतं. पण वाटी नेली असती तर ती चोरी झाली असती, साहेब. बरणीभर आमचं येणं होतं.” त्यांनी सुनेकडे एकदा पाहिले. “उघड सांगायची छाती मात्र झाली नाही. वाटलं, तेल बघून बाई मलाच बोलतील, चुलीपाशी मीच असतो. सकाळी सगळं सूनबाईंवर आलं, आणि माझी जीभ उचलली नाही.”

“ते तुमचं पाप,” वहिनी म्हणाल्या. “पोरीला तुम्ही बसपर्यंत पोहोचवलंत. त्याची माफी मी देऊ शकत नाही.”

काकांनी सुनेपुढे मान खाली घातली. तिने मांडीवरच्या पिशवीची गाठ चाचपली. मग म्हणाली, “काका, मी तुमच्यासाठी खोटं बोलले. तुम्ही माझ्यासाठी खरं बोलायला हवं होतं.”

“बाई,” वहिनी मालकीणबाईंकडे वळल्या, “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“बारा वर्षांची होते मी,” मालकीणबाई म्हणाल्या. उघडा डोळा कोरडा होता. “वडिलांनी शपथ घातली, कुणाला कळता कामा नये. पिढीजात पाण्याची पाटी रंगवून झाली होती.”

“सुनेला तुम्ही सर्वांदेखत बोललात.”

चाळीस वर्षांत मालकीणबाईंनी कधी शब्द मागे घेतला नव्हता. त्या उठल्या, सुनेपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. सर्वांदेखत घेतला, सर्वांदेखत परत घेते. पिशवी सोड.”

सुनेने पिशवी सोडली नाही. पण खाली ठेवली.

साडेपाचला टॅक्सीतून दोन कॅन परत आले. मालकीणबाईंनी नवे पाणी मोरीत ओतायला लावले, थोरली उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करवली आणि जुने पाणी स्वतःच्या हाताने तिच्यात ओतले. ते काठाशी आल्यावरच त्या थांबल्या. मग मुलाला आणि भाऊजींना फर्मावले, “उचला. टॅक्सीत ठेवा.”

“कुठं न्यायची?” भाऊजींनी कंबरेवर हात ठेवत विचारले.

“जिची आहे तिच्याकडे.”

सहाची बस निघून गेली, तेव्हा थोरली दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात, ओल्या रंगाच्या भिंतीशी उभी होती. काकांची लेक गोंधळून बापाकडे बघत होती. मालकीणबाईंनी झाकण उचलून पाण्याची पातळी दाखवली.

“तुझ्या आजोबांनी माझ्या वडिलांना दिलं होतं. काठोकाठ आहे. बघून घे.”

मुलीने वाकून पाहिले. बोटाने पाण्याची कड तपासली आणि मान हलवली.

“पोचलं,” काका म्हणाले.

“आणि ही बरणी?” मुलीने विचारले. “ती कधी आणून देऊ?”

“ते व्याज,” मालकीणबाई म्हणाल्या आणि सुनेचा हात धरून पायरी उतरल्या.