विहिरीवरची ओली साडी

गौरेशच्या गाण्यांच्या अल्बमातून कोणाच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब सबइन्स्पेक्टर सिद्धीने केरीच्या वाटेवर जीपमध्येच मांडला. गौरेशला नाव. त्याचा भागीदार निखिल, त्याला परदेशी कंपनीचा करार. आई शालिनीला शून्य. म्हणून आईला तिने संशयातून वगळलं.

अल्बमाचं नाव 'पैलतीर'. मेल्यावर आत्मा कुठून कुठे जातो, त्याचं यंत्रावर रचलेलं काळोखं, स्वप्नासारखं संगीत. सगळं एका हार्ड डिस्कमध्ये. ती आज दुपारी घरातूनच नाहीशी झाली. खोलीचं कुलूप शाबूत. महागडा लॅपटॉप जागच्या जागी.

"दुसरी प्रत?" घरी पोचल्यावर सिद्धीने विचारलं.

"नाही. बाहेर फुटेल म्हणून निखिलने ठेवू दिली नाही." गौरेशच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

"ह्याचे बाबा, सगुणकाका, गेल्यापासून हा असाच," निखिल म्हणाला. "आणि मॅडम, मी कशाला चोरू? माझाच करार बुडवायला?"

"दुपारी कुठे होतास?"

"म्हापशात, बँकेत. विचारा त्यांना."

सिद्धीने फोन लावून विचारलं. खरं होतं.

गौरेशच्या मोबाइलवर एक तुकडा उरला होता. त्याने तो लावला. तळातून भात्यासारखं काहीतरी फुगायचं, थांबायचं, पुन्हा फुगायचं.

"हे काय वाजतंय?"

"बाबांचा शेवटचा श्वास. हॉस्पिटलात रेकॉर्ड केलेला. संथ केलाय." बाजारातला बांगड्याचा भाव सांगावा तसं त्याने सांगितलं.

शालिनी चहा घेऊन आली. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"काकी, आता न्हालात?"

"उकडता गो बाये."

मागच्या दारातून विहीर दिसत होती. कठड्यावर पिळून टाकलेली साडी. तिथून दारापर्यंत ओली पावलं.

"शेजारी कोणी वारलं?"

"नाय गो."

सिद्धीने कप खाली ठेवला.

"लॅपटॉप सोडला, म्हणजे चोराला पैसा नको होता. कुलूप शाबूत, म्हणजे चावी घरातली. आणि घरात न्हाणी असताना बाई नेसत्या साडीनिशी विहिरीवर कधी न्हाते? मयताहून आल्यावर. गावात तर मयत नाही. काकी, कोणाला पोचवून आलात?"

शालिनी मुलाकडे वळली.

"ह्याच्या बापाशीक. रोज रात्री भिंतीपलीकडे ते मरायचे. थांबायचे, परत सुरू व्हायचे. मी एकदाच विधवा झालंय रे, पोरा. तू माका रोज करत होतास. ती डिस्क तेरेखोल नदीच्या पाण्यात सोडून आलंय."

"सत्यानाश!" निखिल ओरडला.

"तक्रार लिहू?" सिद्धीने गौरेशला विचारलं.

गौरेशने मोबाइलवरचा तुकडा पुसला. मग उठून विहिरीवर गेला आणि अंगावरच्या कपड्यांसकट कळशी डोक्यावर ओतली. एक. मग दुसरी. तिसरीला त्याचे खांदे हलायला लागले.

परतीच्या वाटेवर सिद्धीने हिशेब पुरा केला. निखिलचा करार गेला, गौरेशचं नाव गेलं. आणि जिला शून्य मिळणार होतं, तिने किंमत म्हणून नवऱ्याचा उरलासुरला आवाज आपल्या हाताने दिला होता.