उजव्या कोपऱ्यातला खड्डा

ही गोष्ट रचलेली नाही. ज्याच्या घरी घडली तो दीपक माझा मावसभाऊ. सरळमार्गी माणूस. जन्मात एकच खोटं बोलला, पण ते दोनदा बोलला.

सन २००६ चा उन्हाळा. नाशिक रोड. आणि रात्र नव्हती हं... टळटळीत दुपार होती.

दीपकचा थोरला भाऊ रंगनाथ आदल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. चांदवडच्या कांदेवाल्याचा पोरगा, पण घरात समुद्र बाळगून होता! खाऱ्या पाण्याचा टँक, जिवंत पोवळी, केशरी मासे, आणि तळाला वीतभर मुरलेली वाळू. "वाळू जिवंत असते," म्हणायचा. तिच्यात कोणाला बोट घालू द्यायचा नाही.

तो गेल्यावर छायावहिनी चांदवडला राहायला निघाल्या. टँक दीपककडे आला.

"भाऊजी, टँक नवा घ्या, मोठा घ्या," वहिनी म्हणाल्या. "पण वाळू सगळी न्या. चिमूटभर पण टाकू नका."

दीपकने मान डोलावली. का, ते विचारलं नाही.

नवा टँक आणून दीपक जुन्यातली वाळू उपसायला बसला. वरची वाळू पांढरीशुभ्र निघाली. खालची काळी, सडक्या अंड्यासारखा वास मारणारी. दुकानदाराने बजावलं होतं, हा काळा थर नव्या टँकमध्ये गेला तर मासे पटापट मरतील. दीपकने तो पाटीत भरला आणि कॉलनीमागच्या नाल्यात ओतला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "सगळी नेलीत ना?"

"सगळी, वहिनी."

मासे जगले. पोवळी उमलली. पण दीपकच्या अंगी अन्न लागेना. खोटं एवढंसंच, पण गेलेल्या भावाच्या बायकोशी बोललेलं. त्याला स्वतःची लाज वाटायची.

मग लोडशेडिंग सुरू झालं. दीपक नोकरीला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, आणि त्याच्याच घरचा पंखा बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला. टँकचा पंपही थांबला. घर एकदम गप्प झालं.

आणि...

खर्र... खर्र...

टँकच्या आतून. कोणीतरी वाळू उकरत होतं.

"मासा असेल," बायको दिशा म्हणाली.

पण मासे सगळे डाव्या कोपऱ्यात होते, एकमेकांना चिकटून.

उजव्या कोपऱ्यात वाळू बाजूला सरकत होती. हळूहळू... थेट तळाच्या काचेपर्यंत. खड्ड्याच्या कडेला चार रेघा उमटल्या. बोटं ओढल्यासारख्या.

आणि सडक्या अंड्याचा वास... जो थर घरात नव्हताच, त्याचा.

दीपकने खड्डा बुजवला. दुसऱ्या दिवशी वीज गेली तेव्हा पुन्हा तोच कोपरा. पुन्हा काचेपर्यंत.

दादा रागावलाय, त्याला वाटलं. पण रागावलेला माणूस असा एकाच जागी उकरत बसेल का? हे काहीतरी शोधणं होतं.

वर्षश्राद्ध झालं आणि वहिनी मुद्दाम नाशिक रोडला आल्या. टँकसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले.

"भाऊजी, आज सांगते. रामकुंडात अस्थी सोडल्या. पण ह्यांचा लय जीव होता यात... चिमूटभर राख मी मागं ठेवली. वाळूत बोट घालून पार तळाशी पुरली. उजव्या कोपऱ्यात."

दीपकला ती पाटी आठवली.

दादा स्वतःलाच शोधत होता. आणि त्याला नाल्यात ओतणारा त्याचा सख्खा भाऊ होता.

"सगळी आणलीत ना, भाऊजी?"

सांगायची वेळ हीच होती. त्याने तोंड उघडलं. वहिनींचे डोळे भरून आले होते.

"सगळी."

तेवढ्यात वीज गेली. पंप थांबला.

खर्र... खर्र...

वहिनींनी कान दिला. वर्षभरात पहिल्यांदा हसल्या. "बघा... इथंच आहेत ते."

त्या नाल्यावर आता स्लॅब पडलाय. दीपकने इन्व्हर्टर घेतला, फक्त पंप थांबू नये म्हणून.

पण वहिनी दरवर्षी येतात. टँकसमोर खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "भाऊजी, तेवढा पंप बंद करा ना... दोन मिनिटं."

आणि तो दीपकला आपल्या हाताने बंद करावा लागतो.