बिनपडद्याची खिडकी

शोभेच्या माशांच्या दुकानात ती शिरली ती भांडायच्या तयारीनेच. हातातली हिरव्या पाण्याची बरणी तिने काउंटरवर आपटली.

"हे बघा! कितीदा टाकीतलं सगळं पाणी बदललं, तरी दोन दिवसांत पुन्हा हिरवंगार!"

दुकानदाराने बरणी उजेडात धरली. मग बरणीआडून तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"सगळं पाणी बदलू नका. चार दिवस टाकी झाकून ठेवा. आत मिट्ट काळोख हवा. हवेचा पंप चालू, खाणं बंद आणि डोकावणं तर अजिबात नाही."

"चार दिवस उपाशी?"

"माशांना काही होत नाही. करमणार नाही ते तुम्हालाच."

"झाकायचं माझ्यावर सोडा," ती तोऱ्यात म्हणाली. "लोकांचे पडदेच शिवते मी."

त्याच दुपारी तिने टाकीला जाड काळी खोळ शिवली, अगदी मापात. दुसऱ्या दिवशी ती दुकानात हजर – पंपाचा आवाज बदललाय म्हणून. तिसऱ्या दिवशी काही सुचेना, तरी गेली. त्याने स्टूल आधीच पुसून ठेवलं होतं. गडी पुरता घायाळ झालाय, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. पण बोलेल तर शपथ! आणि उद्या पाणी निवळलं की जायचं तरी कोणत्या निमित्ताने?

चौथ्या दिवशी तोच घरी आला, 'टाकी बघायला'. तिने खोळ काढली. पाणी लख्ख! दोन्ही केशरी मासे लगेच काचेशी आले. तिला मात्र रडूच यायचं बाकी राहिलं.

तो माशांकडे बघतच नव्हता. खिडकीतून ऊन थेट टाकीवर पडत होतं.

"पडदे शिवता, आणि स्वतःच्या खिडकीला पडदा नाही? अहो, या उन्हानेच पाणी हिरवं होतं!"

"गिऱ्हाइकांचे संपले की माझा शिवणार होते. तीन वर्षं झाली." तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "आता वाटतं, नकोच. पाणी स्वच्छ राहिलं तर तुमच्याकडे यायचं कशाला मी?"

त्याचे कान लाल झाले.

"खरं सांगू? टाकी उन्हात आहे का, हे मी सगळ्यांना आधी विचारतो. तुम्हाला... नाही विचारलं."

"विसरलात?"

"नाही. तुम्ही पुन्हा यावं म्हणून. मला... तुम्ही फार आवडता."

"एवढंसं बोलायला चार दिवस!" ती खळखळून हसली. गळ्यातली टेप काढून तिने एक टोक त्याच्या हातात दिलं. "धरा घट्ट. खिडकीचं माप घ्यायचंय."

आजवर शेकडो खिडक्यांची मापं तिने एकटीनेच घेतली होती.