भुलाबाईच्या दारी पिशाच्च

रुख्मिणीने त्याला जिल्हे वाटणारा माणूस समजलं, यात तिची काही चूक नव्हती. त्या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे होऊन नवे जिल्हे व्हायचे होते, आणि नार्नूरकडच्या खेड्यांत पँट-शर्टातला कुणीही उतरला की लोक त्याला खुर्ची देत आणि एकच गोष्ट विचारत. याच्या हातात तर लांब काठी होती, आणि काठीच्या टोकाला केसाळ गोळा.

"आमचं गाव कोन्या जिल्ह्यात टाकलं, साहेब?"

तो आधी तेलुगूत बोलला, मग हिंदीत. तिने मराठीतच पुन्हा विचारलं, तेव्हा नाइलाजाने मराठीत आला. आदिलाबादच्या नोकरदार मराठी घरातला पोरगा, पण हैदराबादेत राहून मराठी अशी सांभाळून बोलायचा, जशी नवी चप्पल चिखलातून न्यावी.

"मी साहेब नाही. चिंतामणी. या माइकवर आवाज घ्यायला आलोय."

"कोनाचा?"

"मिळाला तर... तुमचा."

ती वळून घरात गेली. चहा ठेवायला, असं तिने आत्याला सांगितलं. सोजरबाई तिची आत्या, त्यांनी पोरीच्या लाल झालेल्या कानांची नोंद मनातल्या मनात करून ठेवली आणि साखर जास्त टाकली.

चहावर कळलं की तो भुताचा पिच्चर काढून राह्यला आहे. रक्त पिणारं पिशाच्च. ते ज्याला चावतं तो आपलं गाणं विसरतो, आणि मग सगळे चावलेले एकाच सुरात गातात. मात्र घरच्यांनी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

रुख्मिणी इतकी हसली की बशीतला चहा सांडला. "आमच्या गावात? इथं खताची जाहिरात करनाऱ्याले बी 'या, बसा' म्हनतेत. तुमचं भूत पयल्याच घरात बाजेवर बसून पानी मांगन."

चिंतामणीची सगळी गोष्ट तिथंच कोसळली. त्याने हताश होऊन विचारलं, मग त्याला ओळखायचं कसं?

तिने जरा विचार केला. भुलाबाईचे दिवस होते. पोरी घरोघरी गाणी म्हणत, आणि शेवटी घरची बाई झाकलेलं भांडं पुढे ठेवी. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय खिरापत मिळत नसे. "ज्यानं रगताबिगर काईच चाखलं नाई, तो काय ओळखन?"

चिंतामणी तिच्याकडे बघत राहिला... कल्पना आवडली म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मग तो तिची गाणी घ्यायला रोजच येऊ लागला. परतीचा पाऊस पत्र्यावर वाजला की रेकॉर्डिंग थांबायचं, आणि गंमत अशी की थांबलेलं कुणालाच खुपत नव्हतं. एकदा त्याने हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. स्वतःचंच गाणं, मधला श्वास, बांगडीची किणकिण — तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो अजून तिथंच होता, आणि बराच जवळ.

आणि मग हैदराबादच्या निर्मात्याचा फोन आला. गोष्ट त्याला पसंत होती. गाणं तेवढं तेलुगूत हवं, आणि गायिका तिकडची.

चिंतामणीने हे रुख्मिणीला फार हळू आवाजात सांगितलं. बाकी सीन तोच राहील, म्हणाला. नाहीतर पिच्चरच जाईल.

"तेलुगूशी माझं भांडन नाई," ती म्हणाली. "शिकलीच मी तेलुगूत. आमच्या या गान्यातला 'अक्का' शब्द बी तिकडूनच आला. पन गानं आमचं, मानसं आमची, अन् तोंडातून दुसरंच... मंग ते पिशाच्च कोन झालं?"

 हेडफोन तिने नीट घडी करून त्याच्या पिशवीत ठेवला. तो गेला. पुढचे काही दिवस सोजरबाईंना भाजीत मीठ कधी कमी, कधी दोनदा मिळालं.

कोजागिरीला, भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी, ऊन कलताना, तो परत आला. सोबत ना मोठा कॅमेरा, ना माणसं. निर्मात्याला 'नाही' सांगून आला होता. आता पिच्चर म्हणजे एक दार, गावातल्या पोरी आणि तिचा आवाज. पिशाच्चाचं काम करणारा नटही निर्मात्याबरोबर गेला होता, तेव्हा ते कामही यालाच करायचं होतं.

"शोभन," सोजरबाई म्हणाल्या आणि खिरापत झाकायला आत गेल्या.

रुख्मिणीने त्याच्या तोंडाला पावडर फासली. ओठांना कुंकू लावताना तिचं बोट थांबलं. "एवढा मोठा पिच्चर घालवला. काऊन?"

"तुमच्या आवाजाबिगर नको होता." बोलता बोलता नवी चप्पल चिखलात गेली होती, त्याला पत्ताही नव्हता.

"आवाजच?"

 बाहेर पोरींनी गाणं धरलं.

"नाई," तो म्हणाला. "तुमी."

 तिचं बोट अजून तिथंच होतं.

"रुख्मे, झालं का त्याचं तोंड?" आतून आत्या.

"हलू नका," ती त्याला पुटपुटली, आणि मग मोठ्याने, "नाई वं आत्या, अजून लय राह्यलं हाये."

खरं तर काहीच राहिलं नव्हतं.