दुपारी बंद पडणारा प्रिंटर

आमच्या चुलत भावाच्या मुलाची, सुश्रुतची, मुंज झाली ते साल दोन हजार बावीस. मुंजीसाठी पुण्याहून आलेली माझी भाची क्षिप्रा परत गेलीच नाही. शेवटची पंगत उठल्यावर तिने हळूच सांगितलं, "नोकरी सोडून आलेय. इथेच राहून काम करीन."

तिचे वडील म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांना मी दादा म्हणते, त्यांची मुलगीही दादा म्हणते, आणि आमच्या दिघी गावातला प्रत्येक माणूस दादाच म्हणतो. ते विड्याच्या पानाला चुना लावत राहिले.

श्रावणात आम्ही दोघी अलिबागला जाऊन प्रिंटर घेऊन आलो. बिनवायरचा. परतताना आगरदांड्याला दिघीच्या फेरीबोटीत बसलो तेव्हा ऊनपावसाचा खेळ चालला होता. क्षिप्राच्या मांडीवर ते भलंमोठं खोकं. बोट खाडीच्या मध्यावर आली आणि सर आडवी आली. तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या एका उंच तरुणाने छत्री उघडली आणि खोक्यावर धरली. फक्त खोक्यावर.

"आणि मी?" क्षिप्राने विचारलं.

"तुम्ही वाळाल," तो म्हणाला. "ते वाळणार नाही."

ती हसली. पापण्यांवर पाणी, गालावर पाणी... तो बघतच राहिला. छत्री कलली आणि तिच्या पागोळ्या माझ्या मांडीवर पडू लागल्या, ते दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

त्याचं नाव अजेय. घर आगरदांड्याला, आणि दिघीच्या बाजूला एका शाळेत गणिताचा मास्तर. रोज बोटीने ये-जा. उतरल्यावर खोकं रिक्षापर्यंत त्यानेच आणलं.

"बिघडला तर सांगा," तो म्हणाला आणि खोक्यावर आपला फोन नंबर लिहिला.

"नवाकोरा आहे. कशाला बिघडेल?"

"नाही बिघडला... तरी सांगा."

क्षिप्राने लेबलं छापायचं काम धरलं. कोकमाचं आगळ, फणसाचे गरे, आमसुलं करणाऱ्या आसपासच्या बायकांना बाटल्यांवर, पिशव्यांवर लावायला लेबलं हवी असत. क्षिप्रा चित्रं काढी, नावं घाली, आणि कोठीच्या खोलीतल्या प्रिंटरवर छापी. ती आपली ओटीवर लॅपटॉप घेऊन बसे. सकाळभर सगळं ठीक चाले. दुपार उलटली की पडद्यावर एकच शब्द येई — ऑफलाइन. प्रिंटरचा दिवा मात्र पेटलेला. ती बटणं दाबी, प्रिंटर नव्याने जोडी. संध्याकाळी एखाद्या वेळी चाले, एखाद्या वेळी नाही. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

त्यांतली कोकिळा आगळाच्या बाटल्या भरून तयार होती. ती रोज फाटकातून हाक मारी, "क्षिप्राताई, माज्या बाटल्या उघड्याच हायत गो अजून. नागड्या बाटल्या बाजारात कशा नेऊ?"

एक दिवस दादांनी ते ऐकलं. "दसऱ्यापर्यंत बघू," ते म्हणाले. "तोवर तुझं काम उभं राहिलं तर इथे राहा. नाहीतर पुण्याची नोकरी धर. ते लोक अजून बोलावतायत तुला."

क्षिप्राचा चेहरा उतरला. तिला पुण्याला जायचं नव्हतं. पहाटे वाडीतल्या पोफळींतून फिरताना ती स्वतःशी गुणगुणायची, ते मी ऐकलेलं होतं. त्या संध्याकाळी तिने अजेयला फोन लावला.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र चिखल. राउटर म्हणजे ती नेटची पेटी. ती ओटीवरच्या लाकडी कपाटात, जुन्या कागदांमागे होती. त्याने आधी पेटी बंद करून चालू केली, मग प्रिंटर, मग लॅपटॉप. "याच क्रमाने करायचं," तो म्हणाला. प्रिंटरने गुपचूप कागद ओढला.

"एवढंच?" क्षिप्रा म्हणाली.

"एवढंच. पण चहा घेतल्याशिवाय दुरुस्ती पक्की होत नाही."

दुसऱ्या दुपारी ऑफलाइन. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला. आता तो शाळा सुटली की आधी आमच्याकडे आणि मग बोटीवर जाऊ लागला. कधी ओंजळीत सोनचाफा असे. "वाटेत पडला होता," म्हणे. आमच्या वाटेवर सोनचाफ्याचं झाडच नाही.

दादा झोपाळ्यावरून म्हणाले, "मास्तर, हा प्रिंटर हजेरीपटावर आहे का तुमच्या?"

"आहे, दादा. पण दांड्या फार मारतो."

एकदा त्याने क्षिप्राला समजावलं. ही पेटी घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देते. पेटी बंद होऊन चालू झाली की पत्ता बदलू शकतो. मग लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो आणि घरात कुणी नाही असं समजतो.

"मग त्याचा पत्ता कायमचा करून टाका ना," क्षिप्रा म्हणाली.

"करतो," तो म्हणाला आणि जरा थांबला. "पण मग मला इथे यायला निमित्त राहणार नाही..."

तिने मान खाली घातली. कान लाल झाले होते. त्याने पत्ता कायमचा करून दिला आणि त्या दिवशी चहा फार सावकाश प्यायला.

तर दुसऱ्या दुपारी पुन्हा ऑफलाइन. दसरा चार दिवसांवर आलेला. कोकिळाची निम्मी लेबलं अडकलेली. अजेय धावत आला, खाली बसला, सगळं तपासलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "असं व्हायला नको होतं."

क्षिप्रा चिडलेलीच होती. "तुम्हीच मुद्दाम काही करून ठेवत नाही ना? निमित्त राहावं म्हणून?"

अजेय उठला. "तुमचं इथे राहणं यावर अवलंबून आहे, हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्याच्याशी मी खेळेन, असं वाटलं तुम्हाला?" चहा तसाच ठेवून तो गेला. छत्रीही विसरला.

क्षिप्रा त्या रात्री जेवली नाही. सकाळी मला म्हणाली, "आत्या, हे रोज आपण दुपारी झोपतो तेव्हाच होतं. आज मी ओटीवरून हलणार नाही. पेटी कोण बंद करतं ते बघायचंय. आणि तूही झोपायचं नाहीस."

दुपारी जेवणं झाली. आम्ही दोघी दाराआड बसलो. डोळे मिटत होते, पण ती मला कोपर मारी. वामकुक्षी आटपून दादा उठले, कपाटाशी गेले, दार उघडलं. आत हात घालून पेटीवर तळवा ठेवला. आणि खट्कन बटण बंद केलं.

"दादा," क्षिप्रा पुढे झाली, "हे काय करताय?"

"तापली होती," दादा शांतपणे म्हणाले. "वाडीतल्या पंपाची मोटर तापली की विसावा देतो ना, तसा हिलाही देतो. रोज देतो. चहा झाला की चालू करतो. म्हणून तर इतकी टिकली."

क्षिप्राने तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता ही भडकणार. पण तिने जाऊन पेटीवर स्वतःचा तळवा ठेवला. "खरंच तापलीय, दादा. तुमचं बरोबर आहे."

पेटी परत लागली की फोन आपणहून जोडले जात. प्रिंटर मात्र वाट बघून बघून झोपी गेलेला असे, तो उठत नसे. तिला सगळं उलगडलं. तिने ती पेटी कपाटातून काढली आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर, खाडीचा वारा लागेल अशी टांगली. प्रिंटरच्या झोपायच्या वेळा काढून टाकल्या. दुसऱ्या दुपारी दादा उठले, भिंतीशी गेले, तळवा ठेवला. आम्ही श्वास रोखून उभ्या.

"गार आहे," दादा म्हणाले. "चालू दे."

प्रिंटर संध्याकाळपर्यंत थांबला नाही. कोकिळा पाटी घेऊन आली, लेबलं उन्हाकडे धरून बघितली आणि म्हणाली, "आता माजी बाटली लग्नाला निघाली गो. माज्या बहिनीची पन लेबला तूच छाप."

दादांनी पानाचा डबा मिटला. "पुण्याला कळव," ते म्हणाले. "येणार नाही म्हणावं."

दसऱ्याला क्षिप्राने अबोली माळली आणि म्हणाली, "आत्या, आगरदांड्याला सोनं द्यायला जाऊ." आगरदांड्याला आमचं कुणी नाही, पण मी लुगडं बदललं.

अजेय धक्क्यावर उभा होता. तिने बोलावलेलं होतं. मी चार पावलं मागे थांबले. कान मात्र पुढेच होते.

"छत्री आणलीय," क्षिप्रा म्हणाली. "आणि माझं चुकलं. दादा बंद करायचे पेटी. प्रिंटर आता चालतो... कधीच बंद पडत नाही."

"चांगलं झालं," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "म्हणजे आता माझं काम..."

"काम नाहीच आहे. तरी ये."

त्याने वळून पाहिलं. "काय सांगून येऊ?"

"खरं ते सांगून." तिने आपट्याची पानं त्याच्या तळहातावर ठेवली. हात मागे घेतला नाही. त्यानेही नाही. बोट भोंगा वाजवून सुटली आणि आम्ही तिघंही धक्क्यावरच राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो आला. दादांनी विचारलं, "आज काय बिघडलं, मास्तर?"

"काही नाही, दादा. मला क्षिप्राशी लग्न करायचंय. तिचं काम इथे आहे, म्हणून मी दिघीला राहायला येतो."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर करूनच त्यांच्याकडे पाहिलं. "आईवडिलांना घेऊन या," दादा म्हणाले. "आणि पोहे खाऊन जा."

वैशाखात लग्न झालं. पत्रिका क्षिप्राने घरीच छापल्या, आणि दादांनी त्या दिघीपासून म्हसळ्यापर्यंत स्वतः वाटल्या. आज तिच्या हाताखाली गावातल्या दोघी, प्रणाली आणि सोनल, काम करतात. गेल्या दिवाळीत तर थेट उरणहून लेबलांची ऑर्डर आली.

माझे थोरले भाऊ दादा दोन हजार पंचवीसच्या माघात, आठवड्याच्या तापानंतर, सकाळी घरीच वारले. उशाशी क्षिप्रा आणि अजेय होते.